चौथ्या वर्षी विमान कोण उडवणार?

ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई विमानसेवेला एक वर्षासाठी अर्थसाहाय्य मंजूर केले. रक्कम होती 17 कोटी 97 लाख 55 हजार 200 रुपये. सरकारी आकडा असा शेकड्यापर्यंत नेमका दिसला की हिशेब मांडून पाहावासा वाटतो. प्रत्येक आसनामागे 3,240 रुपये द्यायचे ठरले होते. विमान 76 आसनांचे, रोज एक फेरी जाण्याची आणि एक येण्याची, म्हणजे दिवसाला 152 आसने. त्याला 365 दिवसांनी आणि 3,240 रुपयांनी गुणले की रक्कम रुपयाला रुपया जुळते. वर्षातला एकही दिवस आणि विमानातली एकही खुर्ची या हिशेबातून सुटलेली नाही.

हा गुणाकार सांगली-साताऱ्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. कवलापूरला विमानतळ करा, कराडची धावपट्टी वाढवा, या मागण्या आपल्याकडे जुन्या आहेत. भाषणांत बोलणे होते ते जमिनीचे आणि धावपट्टीचे. विमान कंपनी कशाच्या जोरावर येते आणि कशामुळे निघून जाते, याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो.

माफी कशाची?

विमानतळ विमान कंपनीकडून उतरण्याचे शुल्क वजनावर घेतो आणि उभे करण्याचे तासांवर. हवाई मार्गदर्शनाचे पैसे वेगळे. प्रवाशाच्या तिकिटातही विमानतळ विकास शुल्क आणि सुरक्षा शुल्क असते. देशांतर्गत प्रवासाचे सुरक्षा शुल्क 2021 पासून 200 रुपये आहे. वर्षाला 35 लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या मोठ्या विमानतळांचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. कोल्हापूर, सोलापूरसारखी छोटी विमानतळे त्या कक्षेत येत नाहीत.

‘कंपन्यांना शुल्क माफ करू’ हे आश्वासन ऐकायला भारदस्त वाटते. पण भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना उतरण्याचे शुल्क कित्येक वर्षांपासून माफच आहे. आपल्या भागात येणारी विमाने याच आकाराची. जे आधीच शून्य आहे ते माफ करून कंपनीच्या पदरात काय पडणार?

खरा भार इंधनाचा असतो आणि त्यावरचा मूल्यवर्धित कर राज्याच्या हातात आहे. मुंबई-पुण्यात हा कर 25 टक्के होता, 2023 च्या अर्थसंकल्पात तो 18 टक्के करण्याची घोषणा झाली. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतल्या विमानतळांवर मात्र तो 1 टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा, अशी अट होती. कंपनीच्या दृष्टीने सवलत आहे ती इथे.

उडानचा करार

‘उडान’ ऑक्टोबर 2016 मध्ये जाहीर झाली आणि 27 एप्रिल 2017 रोजी तिचे पहिले विमान उडाले. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपयांची मर्यादा घातलेली ठरावीक आसने, उतरण्याचे व उभे राहण्याचे शुल्क माफ, आणि तोटा भरून काढण्यासाठी तीन वर्षे रोख मदत. या मदतीतला 20 टक्के वाटा बहुतेक राज्यांनी उचलायचा. उरलेला पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून जमवायचा. शिवाय जमीन, पोलीस आणि अग्निशमन यांची सोय राज्याने फुकट करायची.

या योजनेसाठी केंद्राशी सामंजस्य करार करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. ऑगस्ट 2016 च्या त्या करारात दहा विमानतळे होती: शिर्डी, अमरावती, गोंदिया, नाशिक, जळगाव, नांदेड, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. कराड त्यात नव्हते, सांगलीही नव्हती.

पुढचे वर्तमान महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग दिले गेले. त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. उरलेल्या 371 पैकी 112 मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली. मार्च 2023 मध्ये त्यातले चालू होते फक्त 54.

सिंधुदुर्गात तर हे आपल्या डोळ्यांदेखत घडले. चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला आणि अलायन्स एअरचे मुंबईचे विमान उडानखाली येऊ लागले. तीन वर्षे भरली आणि 2024 च्या अखेरीस ती सेवा थांबली.

कोल्हापूरने काय शिकवले

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये, कोल्हापुरात विमान उतरले. तरीही मुंबईची कायमची सेवा या शहराला सुखासुखी मिळालेली नाही. उडानखाली एअर डेक्कनचे छोटे विमान आले आणि फार टिकले नाही. मग ट्रूजेट आली, ती कंपनीच बंद पडली. ऑक्टोबर 2022 पासून स्टार एअरने मुंबई जोडली. या सगळ्या काळात अडचण कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापेक्षा मुंबईत जास्त होती. गच्च भरलेल्या मुंबई विमानतळावर उतरायची सोयीची वेळ, ज्याला स्लॉट म्हणतात, ती छोट्या विमानाला मिळणे कठीण. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत नसेल तर व्यापारी आणि वकील विमानाकडे फिरकत नाहीत. रात्री जेवून ट्रॅव्हल्समध्ये झोपायचे आणि पहाटे मुंबईत उतरायचे, हा पर्याय त्यांना स्वस्तही पडतो आणि सोयीचाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाल्याने ही कोंडी फुटण्याची शक्यता पहिल्यांदाच निर्माण झाली आहे.

मागणी हैदराबाद-बंगळुरूचीही आहे, आणि ती सांगली जिल्ह्याने ओळखायला हवी. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त तामिळनाडू-केरळपासून कोलकात्यापर्यंत पांगलेले आहेत. जत्रेला, लग्नाला, द्राक्षबागेच्या छाटणीला ते गावी येतात. त्यांना मुंबईशी काम नाही, दक्षिणेकडे जाणारे विमान हवे. ही माणसे वर्षातून किती वेळा येतात, कोणत्या शहरातून येतात, याची यादी तालुक्यातल्या संघटना महिनाभरात करू शकतील. कंपनीपुढे ठेवायला असा कागद निवेदनापेक्षा वजनदार ठरेल.

कवलापूर आणि कराड

कवलापूरला सुमारे 160 एकर जागा आहे. तिथून उजळाईवाडीचा विमानतळ पन्नासेक किलोमीटरवर. केंद्राच्या 2008 च्या धोरणानुसार चालू नागरी विमानतळापासून 150 किलोमीटरच्या आत नवा विमानतळ करायचा तर जुन्यावर काय परिणाम होईल ते आधी तपासावे लागते. कराडची धावपट्टी वारुंजीजवळची, पन्नासच्या दशकातली. तिथे वैमानिक प्रशिक्षण चालते. पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना विस्ताराची हालचाल झाली तेव्हा बागायती जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचा प्रश्न साधा होता: जमीन कायमची जाणार, विमान किती दिवस येणार?

विमान कंपनीला सवलत किती आणि किती काळ द्यायची, हा वाद युरोपातही झाला. बेल्जियममधल्या शार्लरुआ विमानतळाने रायनएअर या विमान कंपनीला दिलेल्या सवलतींवर युरोपीय आयोगाने 2004 मध्ये आक्षेप घेतला. तो निर्णय 2008 मध्ये न्यायालयात टिकला नाही, पण नियम घडत गेले. 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नव्या मार्गाला मदत द्यायची ती विमानतळ शुल्काच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. शिवाय तो मार्ग पुढे स्वतःच्या पायावर उभा राहील, हे आधी दाखवावे लागते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींकडे हेच मागावे. प्रति आसन किती रुपये, किती वर्षे, मुंबईत उतरायची वेळ कोणती आणि मदत संपल्यावर विमान कोणाच्या बळावर उडणार, हे भूसंपादनाच्या नोटिशीआधी छापून लोकांसमोर ठेवा. ही चार उत्तरे हाती येईपर्यंत सांगलीहून उजळाईवाडीला आणि साताऱ्याहून पुण्याच्या लोहगाव विमानतळाला विमानाच्या वेळा धरून सुटणारी एसटी सुरू करणे, हाच सर्वांत स्वस्त विमानतळ विकास आहे.