नळ का वाजतो?

जेथे पाणी ठरावीक वेळीच सुटते, तेथे नळ प्रथम सूं-सूं करतो. ती आत कोंडलेली हवा होय. तिची चिंता नको. तोटी झटकन बंद करताच ‘धाड्’ असा आवाज होतो, त्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. यास जलाघात म्हणतात. लोखंडी नळातून सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडले, तर दाबात क्षणभर १०० मीटरांहून उंच जलस्तंभाइतकी वाढ होऊ शकते. अशा धक्क्यांनी सांधे सैल होतात, आणि पुरवठा थांबला की त्याच फटींतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. यास्तव तोटी सावकाश फिरवावी. भिंतीवर हलणारा नळ क्लॅम्पने घट्ट बसवावा. अर्धवट उघडलेली तोटी थरथरत असल्यास मुख्य व्हॉल्व्ह बंद करून आतील झिजलेला वायसर बदलावा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास हे काही मिनिटांचेच काम आहे.