कार्ड आधी, डिस्क मागाहून

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्या सुरू झाल्या, की नाशिकच्या एमजी रोडवरच्या लॅपटॉपच्या दुकानांत एक ठराविक जोडी दिसू लागते. निफाड किंवा दिंडोरीकडून आलेले वडील आणि मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहून तयारीनिशी आलेला मुलगा. "दादा, ते ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं का?" वडील विचारतात. "काका, ब्रँच कोणती मिळाली त्याला?" दुकानदार उलट विचारतो. असा उलट प्रश्न करणारा दुकानदार भेटला तर नशीबच म्हणायचे. एरवी बोट थेट रंगीबेरंगी दिवे लागणाऱ्या कीबोर्डाकडे जाते.

डेस्कटॉपमधले ग्राफिक्स कार्ड उपसून दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ती चिप आणि तिची मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. एकदा घेतली की लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत तीच. डिस्कचे तसे नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधली एसएसडी म्हणजे २२ मिलिमीटर रुंदीची एक पट्टी, एका स्क्रूने बसवलेली. वर्षा-दोन वर्षांनी ती काढून मोठी टाकता येते. पैसे कमी पडत असतील तर काटछाट डिस्कमध्ये करावी, कार्डात नाही. दुकानात बहुतेकदा घडते याच्या उलट. "याच किमतीत एक टीबी देतो" म्हटले की गिऱ्हाईक खूश होते आणि कार्ड गुपचूप एक पायरी खाली सरकते.

अर्थात कार्ड सगळ्यांनाच लागते असे नाही. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदाराला अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदी पाहायच्या असतात, लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला टॅली चालवायची असते, कुणाला मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम घरी बसून पुरा करायचा असतो. यांच्यासाठी प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरून उरते. कॉम्प्युटर शाखेची सुरुवातीची सी, जावा, पायथॉनही त्यावर निवांत चालतात.

इथेच एक बारीक खोच आहे, ती खोक्यावर सापडत नाही. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते लॅपटॉपची रॅम वापरते आणि तिला रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा लागतात. ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली असेल, तर विंडोज त्याच चिपचे नाव साधे 'यूएचडी ग्राफिक्स' दाखवते आणि वेगही उतरतो. पुढच्या कोअर अल्ट्रामधल्या 'आर्क' ग्राफिक्सलाही किमान १६ जीबी रॅम आणि दोन्ही वाटा हव्यात. ज्याला वेगळे कार्ड नको, त्याने वाचलेले पैसे आधी रॅमच्या दुसऱ्या पट्टीत घालावेत.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांचे गणित निराळे. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये साच्यांचे आणि जिग-फिक्श्चरचे त्रिमितीय आराखडे रोज उघडतात आणि तिथे नोकरी धरू पाहणारा मुलगा तेच सॉफ्टवेअर घरी शिकतो. ऑटोडेस्कने ऑटोकॅडच्या २०२५ च्या आवृत्तीसाठी २ जीबीचे ग्राफिक्स किमान धरले आहे, शिफारस मात्र ८ जीबीची केली आहे. सपाट ड्रॉइंगला किमान पुरते, शेकडो भागांची असेंब्ली फिरवायला लागले की ते धापा टाकते. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत तर गेमिंगची जीफोर्स कार्डे नसतातच, फक्त वर्कस्टेशनची असतात. म्हणून विद्यार्थ्याने महागडे वर्कस्टेशन घ्यावे असे नाही, शिकण्यापुरते जीफोर्स उत्तम चालते. कारखान्याच्या मालकाने मात्र ती यादी पाहूनच खरेदी करावी, कारण काम अडले की कंपनीची मदत प्रमाणित कार्डावरच मिळते.

एआय शिकणाऱ्या मुलांना कार्डाची हौस सर्वांत जास्त आणि निकड बऱ्याचदा सर्वांत कमी. गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर १६ जीबीचे टी४ कार्ड, उपलब्ध असेल तेव्हा, फुकट वापरायला मिळते. कार्डाची एवढी मेमरी मध्यम किमतीच्या कुठल्याच लॅपटॉपमध्ये नसते.

खरी कसोटी लागते ती लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांची. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर त्यांतले अनेक जण १० बिट, ४:२:२ रंगपद्धतीत चित्रण करतात. हे एच.२६५ फुटेज एडिटिंगमध्ये सुरळीत चालवणारे सर्किट एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेत आणले. ४० मालिकेतल्या महागड्या कार्डातही ते नाही. गंमत म्हणजे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधले फुकटचे ग्राफिक्स ते काम आधीपासून करते आहे. त्यामुळे एडिटरने कार्डाच्या आधी प्रोसेसर विचारावा.

आता कार्डाचे नाव. आरटीएक्स ४०६० लिहिलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी ते सारखे असतील याची खात्री नाही. हे कार्ड ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा एनव्हिडिया लॅपटॉप बनवणाऱ्यांना देते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून वॅट कमी ठेवतात. विहिरीवर तीन एचपीची मोटार बसवली की साडेसात एचपीची, हे शेतकरी विचारल्याशिवाय राहत नाही. इथे मात्र तो नुसते कंपनीचे नाव ऐकून पैसे मोजतो. पूर्ण वॅटवरचे ४०५० अनेकदा उपाशी ठेवलेल्या ४०६० ला गाठते.

दुसरा आकडा कार्डाच्या मेमरीचा. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ४ जीबीचेही येते आणि ६ जीबीचेही, नाव तेच. नव्या मालिकेत ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिन्हींना ८ जीबीच आहे. मेमरीसाठी ५०७० पर्यंत चढण्यात अर्थ नाही. आज ४ जीबीचे कार्ड घेणे म्हणजे दोन वर्षांत पस्तावणे.

डिस्कबद्दल फार बोलावे असे उरलेले नाही. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत होती. फिरत्या तबकडीचा तो वंश लॅपटॉपमधून आता जवळजवळ हद्दपार झाला आहे, आणि बरे झाले. ५४०० फेऱ्यांची लॅपटॉप डिस्क सेकंदाला शंभर-एक एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई साडेतीन हजार ते सात हजार. या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक रोजच्या वापरात जाणवत नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. विचारायचे ते वेगळेच: दुसरी एसएसडी बसवायला मोकळी जागा आहे का आणि तिथे ८० मिलिमीटर लांबीची पट्टी मावते की फक्त ४२ ची? क्यूएलसी प्रकारच्या स्वस्त एसएसडीवर मोठ्या फायली ओतल्या, की तिचा वेग जुन्या हार्ड डिस्कएवढा खाली येऊ शकतो; एडिटरने टीएलसी मागावी. आणि ५१२ जीबीच्या जागी विंडोज ४७६ दाखवते, ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

फिरत्या डिस्कला एक काम अजून शिल्लक आहे. लग्नाचे जुने फुटेज कपाटात वर्षानुवर्षे ठेवायचे तर बाहेरून जोडायची हार्ड डिस्क स्वस्तही पडते आणि वीज न देता पडून राहिलेल्या एसएसडीपेक्षा भरवशाचीही.

मागाहून वाढवू म्हणताना बाजाराचे वारे मात्र लक्षात ठेवावे लागते. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप ओढून घेतल्याने २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणून ५१२ च्या खाली उतरू नये, २५६ जीबीत विंडोज आणि दोन मोठी सॉफ्टवेअर बसली की जागा संपते.

पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर उघडावा. मेमरीच्या पानावर किती स्लॉटपैकी किती भरले ते दिसते, जीपीयूच्या पानावर कार्डाची स्वतःची मेमरी. वॅटचा आकडा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मिळतो. राहिला कराचा मुद्दा: सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला तो एसी आणि मोठ्या टीव्हीवर. लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांत होता, आजही आहे. टूलरूमवाल्याने बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर केले तर त्याला त्याचे इनपुट क्रेडिट घेता येते. मागचे झाकण उघडून एसएसडी वाढवली तर वॉरंटी राहते का, याचे उत्तर कंपनीगणिक बदलते, ते दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावे.