परदेशात घरचा माणूस दगावला? शंका असेल तर अंत्यविधीआधी हे करा
आखातात कामाला गेलेला माणूस अचानक गेला, की कंपनीचा फोन येतो, 'हार्ट अटॅक आला.' घरच्यांना शंका असेल तर पहिले काही दिवसच महत्त्वाचे.

मृतदेह विमानाने पाठवण्यापूर्वी त्यावर रसायनाची प्रक्रिया करतात, तिला एम्बामिंग म्हणतात. त्यानंतर विषाचा अंश सापडणं अवघड जातं. म्हणून त्याआधीच तिथल्या भारतीय दूतावासाला ईमेल करून पोस्टमॉर्टेमची मागणी करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवा. पासपोर्ट नंबर आणि शंकेचं कारण लिहा. निर्णय तिथल्या कायद्याप्रमाणे होतो, मृतदेह यायला उशीरही लागू शकतो. कंपनीच्या संमतीपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नका.

मृतदेह गावी आला तरी वाट बंद होत नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन सरकारी दवाखान्यात दुसरं पोस्टमॉर्टेम मागता येतं. मोडलेली हाडं, माराच्या खुणा तेव्हाही दिसू शकतात. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द झालेला पासपोर्ट, सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा.

एकदा अग्नी दिला, की पुरावाही गेला.