‘ली’ लागत नाही तिथे

विशेषणाला ‘ली’ लावला की इंग्रजीत क्रियाविशेषण होतं, हे मुलं माझ्या वर्गात येण्याआधीच शिकलेली असतात. फळ्यावर ‘स्लो’ लिहिलं की सगळा वर्ग ‘स्लोली’ म्हणतो. ‘हॅपी’तला ‘वाय’ काढून ‘आय’ घालणं, ‘जेंटल’चा शेवटचा ‘ई’ गाळणं हेही त्यांना जमतं. ‘बेसिकली’च्या स्पेलिंगमध्ये ‘ए-एल’ येतो, ‘पब्लिकली’त येत नाही, एवढं सांगून ठेवायचं.

खरी अडचण ‘फ्रेंडली’पाशी. ‘ली’ त्यात आधीचाच, आणि शब्द मात्र विशेषण. ‘फ्रेंडलिली’ कोशात सापडतो, पण बोलताना सहसा कुणी वापरत नाही. मग मी मराठीत विचारते, “तो कसा बोलला?” उत्तर येतं, “आपुलकीनं.” नामाला ‘ने’ लागला आणि काम झालं. इंग्रजी इथे ‘इन’ पुढे ठेवते आणि शब्दांचा अख्खा गट क्रियापदाला जोडते : ‘इन अ फ्रेंडली वे’. एवढं उलगडलं की मुलं भराभर सांगू लागतात. घाईत, ‘इन अ हरी’. चुकून, ‘बाय मिस्टेक’. मुद्दाम, ‘ऑन पर्पज’. मराठी मुलांना हीच वाट ओळखीची आहे. क्रियाविशेषणं शिकवायला इथूनच सुरुवात करावी, ‘ली’ नंतर यावा, असं माझं ठाम मत आहे.

या घोळाचं मूळ जुनं आहे. प्राचीन इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे देह, रूप. त्यातून ‘-सारखा’ या अर्थाचा, विशेषणं करणारा प्रत्यय निघाला. ‘फ्रेंडली’तला ‘ली’ तो. अशा विशेषणाचं क्रियाविशेषण करायला शेवटी नुसता ‘ए’ लागे. उच्चारात तो झिजून गेला आणि दोन्ही रूपं सारखी दिसू लागली. ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांनाही पूर्वी हाच ‘ए’ लागत असे. तो गेल्यावर ते उघडेच राहिले. म्हणून ‘रन फास्ट’ हे शुद्ध इंग्रजी आहे, आणि ‘फास्टली’ लिहिणाऱ्याला हा इतिहास सांगावासा वाटतो.

‘हार्ड’वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. वडील खूप कष्ट करतात असं सांगायला एखादी मुलगी मनापासून ‘माय फादर वर्क्स हार्डली’ लिहिते. वाचणाऱ्याला मात्र वडील फारसं काम करतच नाहीत असं वाटू शकतं. तिथे नुसतं लाल शाईनं खोडून भागत नाही. ‘वर्क्स हार्ड’ आणि ‘हार्डली वर्क्स’ ही दोन्ही वाक्यं मी तिला मोठ्यानं वाचायला लावते, आणि मग ‘लेट’ व ‘लेटली’ची जोडी घेते.