'डिटेक्शन' : माग, तपास आणि निदान

'डिटेक्शन'ला मराठीत काय म्हणावे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्हा शिक्षकांना एका शब्दात उत्तर देता येत नाही. शोध, तपास, माग, छडा, निदान असे अनेक शब्द पुढे येतात आणि प्रत्येकाचे क्षेत्र निराळे असते. नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ भाषेच्या तासापुरता राहत नाही. सिकलसेलच्या तपासणीमुळे तो सातपुड्यातील पाड्यापाड्यांत पोचला आहे. म्हणून त्याचा येथे विचार करीत आहोत.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आच्छादन दूर करणे असा आहे. त्यातील 'टेगेरे' म्हणजे झाकणे, छत घालणे. संस्कृतातील 'स्थग्' हा धातू त्याचाच दूरचा भाऊबंद. 'स्थगित' म्हणजे मुळात झाकलेले. आज आपण सभा स्थगित करतो तेव्हा हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा जे आधीपासून आहे पण झाकलेले आहे, ते उघड करणे, हा 'डिटेक्शन'चा गाभा होय. मराठी 'शोध' त्याहून ऐसपैस आहे. नवे यंत्र बनविले तरी शोध लागतो आणि हरवलेल्या शेळीचाही शोध घेतात; 'लावणे' आणि 'घेणे' या क्रियापदांवर अर्थाचा सारा भार असतो.

'माग' हा शब्द 'मार्ग'पासून आलेला, आणि या मुलखाला तो परका नाही. खानदेशात जागल्याचे काम बहुधा भिल्लांकडे असे. चोराच्या पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला की पुढची जबाबदारी त्या गावाची, अशी पश्चिम भारतात रीत होती. ज्या समाजाच्या या कौशल्यावर गावे निर्धास्त झोपत, त्याच्याविषयी पुढे संशयाने बोलले गेले, हा इतिहासातील अन्यायच म्हटला पाहिजे. 'तपास' अरबीतून आला आणि पोलीस ठाण्यात स्थिरावला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, तरी 'डिटेक्टिव्ह'ला आपण 'गुप्तहेर'च म्हणत राहिलो. वास्तविक हेर आणि गुन्ह्याची उकल करणारा या दोन निराळ्या व्यक्ती आहेत.

वैद्यकात 'निदान' येते. आमच्या विद्यार्थ्यांना हा शब्द प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांमुळे परिचित आहे. तेथे त्याचा अर्थ कारण असा आहे. त्याही आधी, वैदिक भाषेत, तो बांधण्याच्या दोरीसाठी येतो. आयुर्वेदाने तो रोगाच्या कारणाच्या व लक्षणांच्या निश्चितीसाठी घेतला. बोलण्यात मात्र 'निदान एवढे तरी करा' असे आपण म्हणतो. परंतु रोग असल्याची खूण आढळणे आणि त्याचे निदान होणे यांत अंतर आहे, आणि सिकलसेलच्या बाबतीत ते अंतर फार महत्त्वाचे ठरते.

या विकारात रक्तातील हिमोग्लोबिनची घडण बदललेली असते आणि प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा दोष आईवडिलांकडून येतो. भिल्ल, पावरा, गावित या समाजांत तो आढळतो. 2011च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पहिली चाचणी सोपी असते. रक्ताचे थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीच्या मागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर तो दोष नाही; द्रावण गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या तर आहे. उघड करण्याचे काम येथे झाकण्याने होते, याची आम्हाला मौज वाटते.

परंतु गढूळ द्रावण एवढेच सांगते की दोष आहे. दोष एका पालकाकडून आला की दोघांकडून, म्हणजे मूल केवळ वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. सहा महिन्यांखालील बाळात किंवा नुकतेच रक्त दिलेल्या रुग्णात पहिली चाचणी चकवूही शकते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला आणि 0 ते 40 वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले. एवढ्या मोठ्या कामात पहिल्या चाचणीचा कागदच अंतिम निकाल समजला जाण्याचा धोका असतो.

निवासी शाळेत शब्दाची निवड म्हणूनच जपून करावी लागते. 'अमक्यात सिकलसेल पकडला' असे कोणी म्हणाले की ठाण्यातील तपासाची छाया त्या मुलावर पडते, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चर्चा पाड्यावर सुरू होते. वाहक मुलगी सामान्यतः निरोगी असते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोषमुक्त असण्याची 25 टक्के असते. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना आम्ही मेंडेलच्या वाटाण्यांबरोबरच शिकवितो.

निकाल वर्गात वाचून दाखवीत नाही. तो पालकांना बोलावून, त्यांच्या बोलीत समजावून, हाती देतो. 'आढळले' हे क्रियापद वापरतो आणि दुसरी चाचणी होईपर्यंत 'निदान' हा शब्द टाळतो. जे मूल खरोखर रुग्ण आहे, त्याच्या खाटेजवळ पाण्याची बाटली असते, थंडीत त्याला पहाटेच्या कवायतीतून सूट असते आणि ताप किंवा सांधेदुखी होताच रात्र असली तरी त्याला दवाखान्यात नेले जाते.