वाचकांची पत्रे : निवड आणि जबाबदारी

प्रस्तावना

वर्तमानपत्र हाती आले की बहुतेक वाचक आधी ठळक बातम्या पाहतात. काही वाचक मात्र प्रथम वाचकांच्या पत्रांचे सदर शोधतात. अग्रलेख संपादक लिहितो आणि बातमी वार्ताहर देतो. पण या सदरात आपल्यासारखाच एखादा शिक्षक, शेतकरी, गृहिणी किंवा निवृत्त कर्मचारी बोलत असतो. नळाला पाणी न येण्यापासून ते शुद्धलेखनाच्या नियमांपर्यंत कोणताही विषय तेथे वर्ज्य नसतो.

हे सदर वाचताना ते आपोआप तयार होत असावे, असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. कोणते पत्र छापावे, कोणते बाजूला ठेवावे, कोणाला उत्तर द्यावे आणि चर्चा कोठे थांबवावी, याचा निर्णय कोणाला तरी घ्यावा लागतो. या निर्णयात दोन धोके असतात. खोटे छापले गेले, तर एखाद्याची अब्रू जाते. खरे छापले गेले नाही, तर एखाद्याचा आवाज दडपला जातो. या दोन्ही धोक्यांमधून वाट कशी काढावी, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• मराठी नियतकालिकांतील वाचकांच्या पत्रांचे महत्त्व सांगू शकाल;
• वस्तुस्थिती, मत आणि आरोप यांतील फरक ओळखू शकाल;
• आलेल्या पत्रांची नोंद, छाननी आणि संक्षेप कसा करावा, हे स्पष्ट करू शकाल;
• उत्तराचा हक्क म्हणजे काय, हे सोदाहरण सांगू शकाल.

१. मराठी नियतकालिके आणि पत्रव्यवहार

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. तेथून मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सुरू होतो. पुढे १८४१ मध्ये गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, यांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. याच ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या सहीची पत्रे येऊ लागली. लेखक होते गोपाळ हरि देशमुख. ते त्या वेळी पंचविशीतले होते आणि सरकारी नोकरीत होते. आपल्याच समाजातील आळस, अज्ञान आणि रूढीप्रियता यांवर त्यांनी कठोर टीका केली. आज आपण ज्यांना ‘शतपत्रे’ म्हणतो ती हीच पत्रे. टोपणनावाने लिहिणारा प्रत्येक जण भित्रा किंवा कपटी नसतो, हे यावरून ध्यानात येईल. अप्रिय सत्य सांगणाऱ्याला कधी कधी अशा आडोशाची गरज असते.

पत्र वाचकाचे असले, तरी त्याची जबाबदारी संपादकावर येते. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचे उदाहरण घ्या. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या मासिकात ते लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. या विषयांवर उघडपणे बोलणे त्या काळी असभ्य मानले जाई. अशा उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. कर्वे खटला हरले. पण वाचकांना उत्तरे देणे त्यांनी थांबवले नाही.

ज्यांना अन्य पत्रांत जागाच मिळत नव्हती, त्यांची कथा याहून वेगळी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची दुःखे तत्कालीन वृत्तपत्रांत क्वचितच उमटत. म्हणून डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. त्याच्या नावातच मुक्या ठेवल्या गेलेल्यांचा उल्लेख आहे. पत्रांची निवड करताना आपण केवळ आपल्या ओळखीच्या, आपल्यासारख्याच लोकांना जागा देत गेलो, तर इतरांना दार बंद होते, ही जाणीव ‘मूकनायक’ आपल्याला देतो.

पुढच्या काळात पत्रांची सदरे वृत्तपत्रांची ओळख बनली. ‘लोकसत्ता’तील ‘लोकमानस’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मधील ‘बहुतांची अंतरे’ ही नावेच पाहा. एका व्यक्तीचे नव्हे, तर अनेकांचे मन येथे प्रकट व्हावे, ही अपेक्षा त्या नावांत आहे.

२. एक धडा : कोल्हापूर प्रकरण

हाती आलेल्या पत्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी खातरजमा का करावी, हे १८८२ मधील एका घटनेने मराठी पत्रकारितेला शिकवले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे आणि त्याला कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, अशी चर्चा त्या वेळी होती. बर्वे यांनी लिहिल्याचे सांगितले जाणारे काही कागद पुण्यातील संपादकांपर्यंत पोहोचले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांना तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. ‘केसरी’चे संपादक आगरकर होते आणि ‘मराठा’चे टिळक. महाराजांविषयीच्या कळकळीने दोन्ही पत्रांनी बर्वे यांच्यावर टीका केली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. चौकशीत ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. दोघा संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी पुढे या अनुभवावर पुस्तकही लिहिले. सुटकेनंतर लोकांनी त्यांचे स्वागत केले, कारण त्यांच्या हेतूविषयी कोणाला शंका नव्हती.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हेतू शुद्ध होता, लेखणी समर्थ होती, विषयही महत्त्वाचा होता. परंतु कागद खोटा होता. हेतूच्या शुद्धतेने कागद खरा होत नाही.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘शतपत्रे’ ............ या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली.
(आ) १८८२ मध्ये ‘मराठा’ या पत्राचे संपादक ............ होते.
(इ) ‘मूकनायक’ ............ या वर्षी सुरू झाले.

३. पत्र हाती आल्यावर

पत्र टपालाने येवो किंवा संगणकावरून, ते हाताळण्याची रीत मुळात एकच आहे. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) नोंद : आलेल्या प्रत्येक पत्राची आवक नोंदवहीत नोंद करावी. तारीख, लेखकाचे नाव, पत्ता, विषय आणि घेतलेला निर्णय एवढे रकाने पुरेसे आहेत. ‘माझे पत्र दडपले’ अशी तक्रार आली, तर ही वही साक्ष देते.

(२) ओळख : लेखकाचे खरे नाव आणि पत्ता संपादकाला माहीत असला पाहिजे. योग्य कारण असेल, तर नाव छापू नये. पण संपादकालाच लेखक ठाऊक नसेल, तर आरोप करणारे पत्र छापू नये. दहा पत्रांत तेच शब्द आणि त्याच चुका असतील, तर ती दहा मते नसून बहुधा एकच मत असते, हेही ओळखता आले पाहिजे.

(३) छाननी : पत्रातील विधाने वेगळी करून पाहावीत. ‘पूल सहा फूट रुंद आहे’ ही वस्तुस्थिती आहे. ती मोजून पाहता येते. ‘पूल फार अरुंद आहे’ हे मत आहे; त्यावर मतभेद होऊ शकतो. ‘पुलाच्या कामात अमक्याने पैसे खाल्ले’ हा आरोप आहे; त्याला पुरावा लागतो. मताला जागा द्यावी, वस्तुस्थिती तपासावी आणि आरोपाचा पुरावा मागावा.

(४) संक्षेप : लांबलेले पत्र लहान करण्याचा अधिकार संपादकाला असतो, अर्थ बदलण्याचा नसतो. ‘वाचनालय रात्री उघडे ठेवावे, मात्र परीक्षेच्या काळात तेथे फक्त विद्यार्थ्यांना बसू द्यावे’ या वाक्याचा पूर्वार्धच छापला, तर लेखकाच्या तोंडी भलतेच म्हणणे घातले जाते. काटछाट करताना ‘पण’, ‘मात्र’, ‘जर’ या शब्दांवर विशेष नजर ठेवावी. लेखकाची अट बहुधा त्यांच्याच मागे असते.

(५) समतोल : एकाच बाजूची पाच पत्रे आणि दुसऱ्या बाजूचे एक आले असेल, तर ते एक पत्र आवर्जून छापावे. संपादकावर टीका करणारे पत्र तर टाळूच नये.

(६) समाप्ती : चर्चेत नवे काही येईनासे झाले आणि लेखक मुद्दा सोडून एकमेकांवर घसरू लागले की चर्चा थांबवावी. ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे’ ही सूचना आपण अनेकदा वाचतो. ही सूचना देण्यापूर्वी दोन्ही बाजूंना अखेरची संधी मिळाली आहे ना, हे पाहावे.

४. एक उदाहरण

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गालगत सिरुसेरी हे गाव आहे. तेथील माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुण नोकरीसाठी तेथे जातात. समजा, तेथे राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांनी एक छोटे त्रैमासिक काढले आणि त्याचे संपादन तुमच्याकडे आले. पहिल्या अंकानंतर तीन पत्रे आली.

पहिले पत्र चार पानी आहे. मुलांना मराठी वाचता येत नाही, या खंतीने ते सुरू होते. रविवारी वर्ग घ्यावा, ही सूचना शेवटच्या पानावर आहे. दुसऱ्या पत्रावर सही नाही. ‘गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब लागत नाही. खजिनदारांनी नवी दुचाकी कोठून घेतली?’ एवढाच त्यातील मजकूर आहे. तिसरे पत्र सहीचे आहे : ‘संपादकीय कंटाळवाणे आहे आणि अंकात केवळ पुण्याच्याच आठवणी आहेत. नागपूरची, बेळगावची माणसे येथे राहत नाहीत काय?’

पहिल्या पत्रातील सूचना वर आणून बाकीचा मजकूर आटोपशीर करावा. तिसरे पत्र जसेच्या तसे छापावे. ते तुम्हाला बोचेल, पण त्यातील प्रश्न रास्त आहे. कठीण आहे ते दुसरे. परमुलखात पन्नास घरांची वस्ती असते. सगळे एकमेकांना ओळखतात. तेथे असे पत्र छापले, तर खजिनदारांच्या मुलालाही खेळाच्या मैदानावर दुचाकीबद्दल विचारले जाईल. पुढे हिशेब चोख निघाला, तरी तो डाग पूर्णपणे धुतला जाणार नाही.

मग पत्र फाडून टाकावे काय? तेही योग्य नाही. वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे. म्हणून संपादकाने समितीला विनंती करावी आणि जमाखर्चाचा तपशील पुढील अंकात छापावा. हिशेब बरोबर असेल, तर शंका मिटेल. नसेल, तर आकडेच बोलतील. अशा रीतीने पत्र नाकारले जाते, पण प्रश्न नाकारला जात नाही.

५. उत्तराचा हक्क आणि दुरुस्ती

ज्याच्यावर टीका झाली, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. यालाच उत्तराचा हक्क म्हणतात. भारतात वृत्तपत्र परिषद १९६६ मध्ये प्रथम स्थापन झाली. सध्याची परिषद १९७८ च्या कायद्यान्वये काम करते. पत्रांच्या निवडीत संपादकाला विवेकाधिकार असतो; पण टीका झालेल्या व्यक्तीचा योग्य खुलासा छापला जावा, हे तत्त्व परिषदेच्या आचारसंहितेत आहे. ‘पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ छापल्याने जबाबदारी मात्र संपत नाही. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० खाली येत असे.

चूक झाल्यास ती कबूल करण्याची सोयही हवी. चेन्नईतच १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘द हिंदू’ या वृत्तपत्राने २००६ मध्ये के. नारायणन यांची ‘वाचकांचे संपादक’ या पदावर नेमणूक केली. वाचकांच्या तक्रारी स्वतंत्रपणे तपासणे आणि चुकांची दुरुस्ती छापणे, हे त्या पदाचे काम. ब्रिटनमधील ‘गार्डियन’ने १९९७ मध्ये असे पद निर्माण केले होते. आपल्या छोट्या पत्रिकेत असे पद निर्माण करता येणार नाही. परंतु ‘चूकभूल’ या शीर्षकाखाली चार ओळींची जागा निश्चितच राखून ठेवता येते.

पाठगत प्रश्न २

पुढील विधाने वस्तुस्थिती, मत की आरोप, ते लिहा.
(अ) शाळेची वेळ गैरसोयीची आहे.
(आ) शाळा सकाळी सात वाजता भरते.
(इ) मुख्याध्यापकांनी सहलीच्या पैशांचा अपहार केला.

तुम्ही काय शिकलात?

• वाचकांची पत्रे सामान्य माणसाला सार्वजनिक चर्चेत स्थान देतात.
• खोटे छापणे आणि खरे दडपणे, हे दोन्ही दोष टाळावे लागतात.
• ‘मला पटते काय?’ ही पत्र निवडण्याची कसोटी नव्हे. ‘लेखक कोण आहे, विधान खरे आहे काय आणि दुसऱ्याला उत्तराची संधी आहे काय?’ ही खरी कसोटी होय.
• पत्र लिहिणारा आपल्यासमोर असतो; ज्याच्याविषयी लिहिले जाते, तो बहुधा अनुपस्थित असतो. त्या अनुपस्थित माणसाची काळजी घेणे, हे संपादकाचे कर्तव्य आहे.

पाठान्त प्रश्न

१. कोल्हापूर प्रकरणातून संपादकाने कोणता बोध घ्यावा? सुमारे ८० शब्दांत लिहा.
२. टोपणनावाने लिहिलेले पत्र केव्हा स्वीकारावे व केव्हा नाकारावे? तुमचे मत सकारण मांडा.
३. तुमच्या परिसरातील एका समस्येविषयी संपादकांना पत्र लिहा. नंतर अर्थ न बदलता ते निम्मे करा.
४. सिरुसेरीच्या उदाहरणातील खजिनदारांच्या जागी तुम्ही आहात, अशी कल्पना करून पत्रिकेसाठी खुलासा लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) प्रभाकर (आ) टिळक (इ) १९२०
प्रश्न २ : (अ) मत (आ) वस्तुस्थिती (इ) आरोप