डॉलर, रुपया आणि आजीच्या पाटल्या

2022 च्या जूनमध्ये भातलावणीच्या तोंडावर वडील नसरापूरहून खत घेऊन आले. युरियाची गोणी जुन्याच भावात मिळाली, पोटॅशने मात्र कंबर मोडली. "तिकडं रशियात लढाई, न्‌ हितं वेल्ह्यात खत म्हाग व्हय रं?" आजीने विचारले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आली आणि मी काहीतरी पुटपुटलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

युरियाचा भाव सरकार बांधून देते. पोटॅश जवळजवळ सारे परदेशातून येते, आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक. युद्धामुळे माल अडला, भाव चढला. शिवाय किंमत मोजायची डॉलरमध्ये. त्या वर्षाच्या आरंभी डॉलरला 74-75 रुपये पडत, ऑक्टोबरात 83 पडू लागले. एकाच गोणीवर अशी दोन ओझी!

रुपया का घसरतो? पुराचे पाणी चढू लागले की आपण गुरे उंचावर हाकतो. जगात संकट आले की पैसेवाले आपला पैसा तसाच डॉलरकडे हाकतात. परदेशी गुंतवणूकदार मुंबईच्या बाजारात शेअर विकतात आणि आलेल्या रुपयांचे डॉलर घेतात. मागणी वाढली की डॉलर महागतो. रिझर्व्ह बँक गंगाजळीतले डॉलर विकून घसरण सावरू पाहते. भीती ओसरली की पैसा परततो. 2008 च्या आरंभी डॉलर 40 रुपयांच्या आत होता, मार्च 2009 मध्ये 50 च्या वर गेला, 2010 अखेर 45 च्या आसपास आला. चक्र फिरले खरे, पण मूळ जागी आले नाही. आपली आयात निर्यातीहून जास्त आणि महागाई अमेरिकेहून अधिक, म्हणून प्रत्येक फेऱ्यात रुपया थोडा खालीच राहतो.

तेल महागले की रुपया पडतो, असे आपण परीक्षेत लिहितो. ते खोटे नाही. पण 2020 मध्ये तेल कोसळले असतानाही जानेवारीतला 71 चा डॉलर एप्रिलमध्ये 76 वर गेला. भीती तेलाहून बलवत्तर ठरली.

त्याच वर्षी मुंबईच्या खानावळीतले काम सुटून थोरला भाऊ घरी आला. ऑगस्टमध्ये आजीने पाटल्या काढून दिल्या. भोरच्या सराफाने सांगितलेला आकडा ऐकून वडील दोनदा विचारते झाले, कारण तोळा पन्नास हजारांच्या वर होता. सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो. भीतीने तो चढला आणि पडत्या रुपयाने आणखी चढला. खताला जी दोन ओझी, तीच इथे आमच्या बाजूने आली. ज्यांच्या घरी सोने नव्हते, त्यांना मात्र नुसती बेकारीच मिळाली.

हे नवे नाही. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले आणि पौंडाला बांधलेला रुपयाही त्याच्याबरोबर उतरला. मंदीने धान्याला भाव नव्हता, सोन्याला मात्र आला. शेतकऱ्यांनी सारा आणि कर्ज भागवण्यासाठी दागिने मोडले आणि ते सोने मुंबईहून बोटीने विलायतेस गेले. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान, पण चलन इंग्रजी रुपयाचेच. 1991 मध्ये, आखाती युद्धानंतर, गंगाजळी आटली तेव्हा तर देशानेच 47 टन सोने परदेशी बँकांकडे गहाण टाकले. ते पुढे सोडवलेही.

भाव उतरला की पाटल्या पुन्हा करू, असे भावाने कबूल केले होते. 2025 मध्ये तोळा लाखाच्या पुढे गेला. आजी आता तो विषय काढीत नाही.